कांद्याच्या मुळीत पेशीविभाजन बघायचंय? आधी हे वाचा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘सर, ही बघा मध्यावस्था.’ (पेशीविभाजनाच्या चार टप्प्यांपैकी दुसरा.) त्यांनी डोळा लावला, स्लाइड जराशी सरकवली आणि म्हणाले, ‘ही मध्यावस्था फुटेल हं आता.’ तो हवेचा बुडबुडा होता. काठाला काळी जाड कड, आत लख्ख. मी त्यालाच पेशी समजून बसले होते, कारण विभागणारी खरी पेशी तोवर बघितलीच नव्हती. पुस्तकातली चार चित्रं मात्र डोळे मिटून काढता यायची.

आता धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयाची जीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. मी ज्या खड्ड्यांत पडले त्याच खड्ड्यांत दर वर्षी पोरंपोरी पडतात. त्यांतली बरीच मराठी माध्यमातून आलेली. दहावीपर्यंत केंद्रक, तंतुकणिका, सूत्री विभाजन. अकरावीला एकदम न्यूक्लियस, मायटोकॉन्ड्रिया, मायटॉसिस. घाबरू नका, वस्तू त्याच आहेत, फक्त नावं दोन-दोन झाली. खाली दोन्ही वापरते.

प्रयोग तसा चार-पाच दिवसांचा आहे, पण त्यातलं प्रत्यक्ष काम दोन तासांचंच. बाकी सगळी वाट बघणं. आणि फसतो तो बहुतेक दोनच ठिकाणी: मुळी चुकीच्या वेळी कापली जाते, नाहीतर मुळीचा चुकीचा तुकडा स्लाइडवर जातो.

लागणारं सामान

- मायक्रोस्कोप, दहापट आणि चाळीसपट वस्तुभिंगाचा. आयपीस दहापटीचा धरला तर एकूण १०० पट आणि ४०० पट दिसतं. तेल लावून वापरायचं शंभरपटीचं भिंग असलं तर छान, नसलं तरी अडत नाही.
- स्लाइड आणि कव्हरस्लिप. कव्हरस्लिपचा अख्खा डबा जवळ ठेवा. पहिल्या दिवशी निम्म्या फुटतात.
- चिमटा, दोन सुया, नवं ब्लेड, वॉच ग्लास, ड्रॉपर, टिपकागद, स्पिरिटचा दिवा, झाकणाच्या छोट्या बाटल्या.
- फिक्सेटिव्ह (पेशींना आहे त्या अवस्थेत थांबवणारं द्रावण): इथाइल अल्कोहोल ३ भाग, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १ भाग. ऐनवेळी मिसळायचं, आठवड्याभराचं करून ठेवायचं नाही.
- ७० टक्के अल्कोहोल, कापलेल्या मुळ्या साठवायला.
- ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रांना लाल रंग देणारं द्रावण): ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडच्या १०० मिलीत १ ग्रॅम कार्मिन, मंद उकळून, गार करून, गाळून.
- ४५ टक्के ॲसिटिक ॲसिड, वेगळ्या बाटलीत.
- १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड. तीव्र आम्ल साधारण ८३ मिली घेऊन एकूण १ लिटर करतात. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हे शिक्षकांनीच करावं.
- आयोडीन, मिथिलीन ब्लू, मीठ. पारदर्शक नेलपॉलिश.
- कांदे. चार-पाच घ्या, एकावर भरवसा ठेवू नका.

ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडबद्दल एक गंमत. ते १६.६ अंशांखाली गोठतं. धुळ्याची थंडी तुम्हाला माहीत आहेच. पहिल्याच हिवाळ्यात सकाळी कपाट उघडलं तर बाटलीत बर्फ. औषध नासलं म्हणून मी ती बाटली टाकून द्यायला निघाले होते. नासत नाही. झाकण सैल करून बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा, पुन्हा पातळ होतं. ‘ग्लेशियल’ हे नाव त्या बर्फासारख्या गोठण्यावरूनच पडलं आहे. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा: भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकला की अल्कोहोलच्या बाटल्या झाकण नीट नसेल तर बघता बघता रिकाम्या होतात आणि ३ : १ चं प्रमाण बिघडतं.

१. थेट विभाजनावर उडी मारू नका, आधी साधा पापुद्रा बघा

कांदा चिरा, एक पदर सुटा करा, त्याच्या आतल्या खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने ओढा. सायीसारखा निघतो. स्लाइडवर पाण्याच्या थेंबात पसरा. कव्हरस्लिप आडवी टाकायची नाही. एक कड थेंबाला टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची. माझा तो प्रसिद्ध बुडबुडा इथेच जन्मला होता.

रंग लगेच घालू नका. पहिली पाच मिनिटं बिनरंगाचा पापुद्रा बघा, प्रकाश बराच कमी करून. मायक्रोस्कोपच्या मंचाखाली डायफ्रामची दांडी असते, ती अर्ध्याहून जास्त बंद करा. विटा रचल्यासारख्या लांबट पेशी दिसतील. त्या विटांच्या रेघा म्हणजे पेशीभित्तिका. आता एकाच पेशीवर थांबा आणि हात मायक्रोस्कोपवरून काढून घ्या. पापुद्रा ताजा असेल तर अतिशय बारीक कण एका ओळीने सरकताना दिसतील, कडेकडेने, मग मधल्या एखाद्या धाग्यावरून पलीकडे. ते पेशीद्रव्य वाहतंय. पुस्तकात पेशी म्हणजे मुक्कामाला बसलेल्या वस्तूंचा नकाशा वाटतो. ‘केंद्रक म्हणजे मुख्याध्यापक, तंतुकणिका म्हणजे वीजघर’ हे शिकवून आपण तो समज आणखी पक्का करतो. मला ही उपमा कधीच आवडली नाही. वीजघर जागेवरून हलत नाही, तंतुकणिका हलतात.

मग एका कडेला आयोडीनचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टिपकागद टेकवा. रंग आत ओढला जाईल. प्रत्येक पेशीत पिवळसर-तपकिरी ठिपका उमटेल, बहुधा एका भिंतीला चिकटलेला. ते केंद्रक. भिंतीला का चिकटलं? कारण मधली सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे पाण्याने आणि त्यात विरघळलेल्या पदार्थांनी भरलेल्या पिशवीने व्यापली आहे. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात ज्या खोल्या पाहिल्या त्या मेलेल्या, नुसत्या भिंतींच्या होत्या. केंद्रकाला नाव मिळालं ते रॉबर्ट ब्राऊनकडून, १८३१ मध्ये, ऑर्किडच्या पेशी बघताना. तुम्ही टिपकागद टेकवला तेवढ्या वेळात १६६ वर्षं ओलांडली.

पेशीपटल, म्हणजे प्रद्रव्यपटल, कुठे आहे असं हमखास विचारतात. ते भित्तिकेला आतून इतकं चिकटून असतं की वेगळं दिसत नाही. ते दाखवायचं तर लाल कांदा घ्या आणि पदराच्या बाहेरच्या, जांभळ्या बाजूचा पापुद्रा काढा. कडेने मिठाचं पाणी आत सोडा. दोन-तीन मिनिटांत जांभळा भाग भित्तिका सोडून आत आकसतो आणि त्याची कड म्हणजे पटल. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं, तेच इथे एका पेशीत दिसतं. साधं पाणी घातलं की पुन्हा फुगते, पण लगेच घातलं तरच.

सावध: जर्नलमध्ये कांद्याच्या पापुद्र्याच्या आकृतीत हरितलवकं काढू नका. जमिनीखालच्या पांढऱ्या पदरात ती नसतात. तसंच रायबोसोम, आंतर्द्रव्यजालिका काढू नका. आपला मायक्रोस्कोप साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवूच शकत नाही आणि रायबोसोम वीस-तीस नॅनोमीटरचा. जे दिसलं नाही ते काढलं की परीक्षक ओळखतात, आणि मग बाकीच्या खऱ्या आकृत्यांवरही शंका घेतात.

२. कच्चं केळं आणि गाल: अर्ध्या तासाचं काम

कच्च्या केळ्याचा गर टूथपिकने जरासा खरवडा, आयोडीन टाका. पेशीत गच्च भरलेले निळे-काळे स्टार्चचे कण दिसतील. पिकलेल्या केळ्यात तेच कण विरळ, कारण स्टार्चची साखर झाली. केळीच्या पट्ट्यातल्या रावेर-यावलकडच्या मुलांना हे सांगावं लागत नाही, त्यांनी ते जिभेवर अनुभवलेलं असतं.

गालाच्या आतून टूथपिकच्या बोथट टोकाने हलकेच खरवडून मिथिलीन ब्लू टाका. चपट्या, दुमडलेल्या, वेड्यावाकड्या पेशी, मध्ये निळं केंद्रक. भित्तिका नाही म्हणून आकार पक्का नाही. वनस्पती आणि प्राण्यांच्या पेशींतला फरक पाठ करण्यापेक्षा या दोन स्लाइड शेजारी ठेवा.

३. डोक्यातलं चित्र दुरुस्त करा

पुस्तकात पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही चार चित्रं सारख्या आकाराची, एका ओळीत असतात. त्यामुळे वाटतं की स्लाइडवरही सगळीकडे तीच असतील. तसं नसतं. पेशीचं बहुतेक आयुष्य इंटरफेजमध्ये, दोन विभाजनांच्या मधल्या काळात जातं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं, त्यात प्रत्यक्ष विभाजन तासाभराचं. म्हणून तुमच्या स्लाइडवरही गोल, शांत केंद्रकांचीच गर्दी असणार. ती दिसली म्हणजे प्रयोग फसला असं नाही.

‘विश्रांती अवस्था’ हा शब्द जुन्या वह्यांत सापडतो, तो खोडा. याच काळात पेशी वाढते, प्रथिनं बनवते आणि आपला सगळा डीएनए दुप्पट करते. विभाजनात फक्त वाटणी होते. वाटणीचा माल आधीच तयार असतो.

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं (क्रोमोसोम, म्हणजे डीएनएचे धागे). आकड्यांचा घोळ इथेच होतो, म्हणून सावकाश:

पूर्वावस्थेत लांब धाग्यांच्या गुंडाळ्या होऊन ते जाड, आखूड होतात. केंद्रकी (केंद्रकातला गडद ठिपका, न्यूक्लिओलस) दिसेनाशी होते, केंद्रकावरण नाहीसं होऊ लागतं. गुणसूत्रं १६ च, पण प्रत्येकाची दोन अर्धगुणसूत्रं (क्रोमॅटिड, म्हणजे दोन सारख्या प्रती) गुणसूत्रबिंदूपाशी (सेंट्रोमिअर) जोडलेली.

मध्यावस्थेत ती १६ पेशीच्या मध्यावर येतात. पेशीच्या दोन्ही टोकांकडून (ध्रुवांकडून) आलेले तुर्कतंतू (स्पिंडल फायबर) गुणसूत्रबिंदूंना धरतात.

पश्चावस्थेत बिंदू दुभंगतात आणि अर्धी अर्धी उलट दिशांना ओढली जातात. आता ती स्वतंत्र गुणसूत्रं धरायची, म्हणजे पेशीत ३२.

अंत्यावस्थेत १६-१६ चे दोन पुंजके, त्यांच्याभोवती नवी आवरणं. मग परिकल विभाजन, म्हणजे पेशीद्रव्याची वाटणी: वनस्पतीत मधोमध पेशीपटल (इथे सेल प्लेट, मघाचं प्रद्रव्यपटल नव्हे) उभं राहतं आणि बाहेरच्या दिशेने वाढत जातं. प्राण्यांत तसं नाही, तिथे बाहेरून खाच पडत आत येते.

गोंधळलात की एकच करा: गुणसूत्रबिंदू मोजा. जितके बिंदू तितकी गुणसूत्रं.

आणि कांद्यात तारककेंद्र (सेंट्रिओल, प्राण्यांच्या पेशीत ध्रुवांपाशी असतात ती) शोधू नका. फुलझाडांच्या पेशीत ती नसतातच, तरी तुर्कतंतू तयार होतात.

या विभाजनाला मायटॉसिस हे नाव वॉल्थर फ्लेमिंगने १८८२ मध्ये दिलं, ग्रीकमधल्या ‘धागा’ या शब्दावरून. आपलं ‘सूत्री’ही तेच सांगतं. याचा व्यवहारातला अर्थ बघायचा तर केळीच्या बागेत जा. ती बियांपासून लावत नाहीत, कंदापासून किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांपासून लावतात. म्हणजे आईच्या पेशी सूत्री विभाजनाने वाढत वाढत झालेलं रोप. म्हणून एका जातीची झाडं इतकी सारखी, आणि म्हणूनच एकाला झेपत नाही तो रोग शेजारच्यालाही झेपत नाही.

४. कांदा निवडा, मुळ्या फुटू द्या

इथे हंगाम बघावा लागतो आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिल-मे मध्ये नुकताच काढलेला उन्हाळी कांदा सुप्तावस्थेत असतो. तो काही आठवडे मुळ्याच काढत नाही. मी मे महिन्यात आठ दिवस ग्लासकडे बघत बसले होते. चाळीत साठवलेला तोच कांदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाण्याला टेकायचा अवकाश, दोन दिवसांत मुळ्या सोडतो. कांदा अडूनच बसला तर लसणाच्या पाकळ्या लावा. त्यातही १६ गुणसूत्रं आणि मुळ्या भराभर येतात.

जुन्या, वाळलेल्या मुळ्या ब्लेडने खरवडून काढा, पण बुडाची चकती कापू नका. नव्या मुळ्या तिथूनच फुटतात. ग्लासच्या तोंडावर कांदा असा ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. अर्धा कांदा बुडवला तर मुळ्यांऐवजी वास येतो. पाणी रोज बदला. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, आणि माठातलं घ्या. ग्लास खिडकीच्या उन्हात नको.

दोन ते चार दिवसांत एक-दोन सेंटिमीटरच्या पांढऱ्या मुळ्या येतात. आमच्या ओट्यावरचा ग्लास बघून आई म्हणाली होती, ‘कांदाले दाढी फुटनी व!’ दाढी फार वाढू देऊ नका. तीन-चार सेंटिमीटरच्या लोंबत्या मुळ्यांपेक्षा आखूड, टोकाला भरीव मुळी चांगली.

५. वेळ गाठा आणि तिथेच थांबवा

सगळ्यात जास्त प्रयोग इथे बुडतात. विभाजनं दिवसभर सारख्या प्रमाणात होत नाहीत. कांद्याच्या मुळ्या सकाळी ८ ते १० च्या दरम्यान कापाव्यात, तेव्हा विभागणाऱ्या पेशी जास्त सापडतात.

‘पण आमचं प्रॅक्टिकल दुपारी दोनला असतं!’ माझंही असायचं, आणि मुळ्याही दोनलाच कापायला लावायचे. अख्ख्या बॅचला केंद्रकं सोडून काही दिसलं नाही आणि दोष मात्र आमच्या डोळ्यांना. दुपारी कापायची गरजच नाही. सकाळी कापून फिक्सेटिव्हमध्ये टाकलेली मुळी त्या क्षणी थांबते. जी पेशी पश्चावस्थेत होती ती तिथेच गोठली. मग दुपारी बघा, नाहीतर पुढच्या आठवड्यात.

कसं करायचं: फिक्सेटिव्हची बाटली कांद्याशेजारीच उघडून ठेवा. मुळीचं टोकाकडचं साधारण १ सेंटिमीटर कापा आणि तसंच आत टाका. आधी सगळ्या कापून मग टाकू म्हणालात तर पहिल्या मुळ्या सुकतात. २४ तास त्यात ठेवा, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये. कित्येक आठवडे टिकतात. मी ऑगस्टमध्ये एकदाच पन्नास-साठ मुळ्या करून ठेवते, वर्गाला दिवाळीपर्यंत पुरतात.

एक ताकीद. ‘कोल्चिसिन घातलं तर मध्यावस्था जास्त मिळतात’ असं कुठेतरी वाचून मुलं विचारायला येतात. खरं आहे. कोल्चिसिन तुर्कतंतू बनू देत नाही, पेशी मध्यावस्थेलाच अडकतात. सातपुड्यात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही ते असतं. पण ते जहाल विष आहे. कळलावीचा कंद वाटून घरी प्रयोग करायचा नाही. चांगल्या वेळी कापलेल्या मुळीला त्याची गरजही नाही.

६. रंग चढवणं

साठवलेल्या मुळ्या अल्कोहोलमधून काढून पाण्याने धुऊन घ्या. वॉच ग्लासमध्ये ॲसिटोकार्मिनचे ९ थेंब आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा १ थेंब घ्या, त्यात दोन-तीन मुळ्या टाका. स्पिरिटच्या दिव्यावर धरून वाफ येईपर्यंत गरम करा, उकळू देऊ नका. दूर करा, पुन्हा धरा, असं तीन-चार वेळा. मग झाकून दहा-पंधरा मिनिटं विसरून जा.

आम्लाचं काम पेशी-पेशींमधला चिकटा सैल करण्याचं. तो एक थेंब विसरलात तर पुढे कितीही दाबा, पेशी एकावर एक ढीग करून बसतात. कार्मिन हा कोचिनील किड्यांपासून मिळणारा लाल रंग. लोखंडाचा अंश असला की तो गुणसूत्रांवर गडद चढतो. म्हणून जुन्या प्रयोगशाळेतले लोक मुद्दाम साध्या लोखंडी सुईने मुळी ढवळतात. मीही माझ्या कंपासपेटीतला गंजका कर्कटक अजून त्यासाठी ठेवला आहे.

दिव्याजवळ फिक्सेटिव्हची बाटली ठेवू नका, अल्कोहोल आहे. खिडकी उघडी असू द्या.

७. दोन मिलिमीटर, आणि अंगठा

आता मुळीकडे नीट बघा. अगदी टोकाचा भाग सगळ्यात गडद लाल झालेला असतो, वरचा फिकट. तो गडद भाग म्हणजे विभाजी ऊती. टोकावर मूलटोपीचं छोटं टोपडं, लगेच त्याच्या मागे विभागणाऱ्या पेशी. टोकाकडचे एक-दोन मिलिमीटर कापून घ्या आणि बाकीची मुळी फेकून द्या. फेकायला जीव होत नाही म्हणून पोरं अर्धा सेंटिमीटर ठेवतात आणि स्लाइडभर लांबट पेशी पसरतात. त्या पेशींचं विभागणं संपलेलं असतं, त्या फक्त लांब होत असतात.

तुकडा कुठल्या टोकाचा ते विसरलात तर? कापलेली बाजू सपाट असते, खरं टोक निमुळतं. तेही कळत नसेल तर नवी मुळी घ्या, शेंडा डोळ्यासमोरून हलू देऊ नका.

स्लाइडवर ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब, त्यात तुकडा. सुईने थोडा चिरडा. कव्हरस्लिप सोडा. सुईच्या बोथट बाजूने किंवा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तुकड्यावर टकटक करा; लाल गोळा ढगासारखा पसरताना दिसेल. मग टिपकागदाची दुहेरी घडी वर ठेवा, एका हाताच्या दोन बोटांनी कव्हरस्लिपच्या कडा धरा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा सरळ खाली दाबा. शिक्का मारताना दाबतो तसा. घासायचा नाही, फिरवायचा नाही. कव्हरस्लिप केसभर जरी सरकली तरी पेशी वाती वळल्यासारख्या गुंडाळल्या जातात आणि ती स्लाइड गेली म्हणून समजा. माझ्या पहिल्या वीस स्लाइड अशाच वातींच्या होत्या.

नीट दाबलेली स्लाइड उजेडाकडे धरली तर फिकट गुलाबी डाग दिसतो, तुकडा दिसत नाही. तुकडा दिसत असेल तर अजून दाबा. दोन-तीन दिवस ठेवायची असेल तर कडांना नेलपॉलिश.

८. शोधणं

आधी दहापटीच्या भिंगाने सगळा डाग फिरून घ्या. चाळीसपटीचं लगेच लावलं तर गल्लीत शिरून गाव हरवतं. चौकोनी, दाट, मोठ्या केंद्रकाच्या पेशींचा मोहल्ला सापडला की तिथे चाळीसपट करा, आणि मग फक्त बारीक स्क्रू वापरा. मोठा स्क्रू फिरवला की कव्हरस्लिप फुटल्याचा तो कर्रर्र आवाज येतोच.

आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर आरसा थेट सूर्याकडे कधीच करू नका, डोळा जाईल. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाच्या उघड्या भागाकडे करा. दिव्याचे नवे मायक्रोस्कोप छान असतात, पण वीज गेली की आरसेवालेच काम करत बसतात.

ओळखायच्या खुणा: केंद्रकात लोकरीच्या गुंड्यासारखे धागे सुटे दिसले तर पूर्वावस्था. ही सगळ्यात जास्त सापडते. मधोमध एक जाड, खरबरीत पट्टी, तिच्यातून गुणसूत्रांची टोकं केसाळ सुरवंटासारखी बाहेर आलेली, ती मध्यावस्था. पण पेशी वरून दिसत असेल तर पट्टीऐवजी पसरलेलं फूल दिसतं, आणि तेव्हाच गुणसूत्रं मोजता येतात. दोन पुंजके एकमेकांकडे पाठ करून, गुणसूत्रांचे हात मागे लोंबलेले, ती पश्चावस्था; एकदा दिसली की विसरत नाही. दोन दाट पुंजके आणि मध्ये पुसट रेघ, ती अंत्यावस्था. दोन छोट्या, शेजारी चिकटलेल्या पेशी दिसल्या की मुलं त्यालाही अंत्यावस्था म्हणतात. मध्ये पूर्ण भित्तिका असेल आणि केंद्रकं गोल, शांत असतील तर त्या इंटरफेजमधल्या दोन बहिणी आहेत.

बुडबुड्याची खूण आता तुम्हाला माहीत आहे.

९. मोजणी

विभाजन निर्देशांक विचारतात, म्हणजे एकूण पेशींत किती टक्के पेशी विभागत होत्या. समजा दहा ठिकाणं बघून ४०० पेशी मोजल्या आणि ३२ विभागणाऱ्या निघाल्या, तर ३२ भागिले ४०० गुणिले १००, म्हणजे ८ टक्के. चांगली ठिकाणं निवडून मोजायचं नाही. स्लाइड एका दिशेने सरकवत जा आणि समोर येईल ते मोजा. शेजारच्याचा आकडा वेगळा आला म्हणून आपला बदलू नका. दोन मुळ्यांचे आकडे सारखे येत नाहीत, हे परीक्षकांना तुमच्याहून चांगलं ठाऊक असतं.

१०. डोंगळ्यांच्या दिवसांत: अर्धसूत्री

हे जमलं की जानेवारी-फेब्रुवारीची वाट बघा. साक्रीकडे बियांसाठी ठेवलेल्या कांद्याला डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, टोकाला कळ्यांचे गोंडे. अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं मायॉसिस, मुळीत कधीच दिसणार नाही. ते परागकोशात दिसतं. शेतकऱ्याला विचारून एकच गोंडा घ्या, त्याचं बी जातं. एका गोंड्यातल्या कळ्या वर्गाला पुरून उरतात. सकाळी ३ : १ च्या फिक्सेटिव्हमध्ये टाका, २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोल.

वेगवेगळ्या आकाराच्या कळ्या फोडून बघाव्या लागतात. परागकोश पिवळा झाला असेल तर उशीर झाला, आत तयार परागकण असतील. अजून काचेसारखा, फिकट हिरवट असलेला घ्या. तो ॲसिटोकार्मिनच्या थेंबात फोडा, कोशाची सालं काढून टाका, हलकं गरम करा, दाबा. इथे आम्लात शिजवावं लागत नाही, पेशी आपोआप सुट्या होतात. पहिल्या विभाजनात १६ सुटी गुणसूत्रं न दिसता ८ जोड्या दिसतात, काही कड्यांसारख्या, काही फुलीसारख्या. शेवटी चार-चार पेशींची चतुष्कं, प्रत्येकीत ८ गुणसूत्रं.

आणि केळीत बी का नसतं, हे कोडं इथे सुटतं. आपल्याकडच्या ग्रँड नैन केळीत ११ गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. दोघांची जोडी जमते, तिसरा उरतो. वाटणी बिघडते, नीट जननपेशी बनत नाहीत, बी धरत नाही. फळ कापल्यावर मध्ये दिसणारे ते बारीक काळे ठिपके म्हणजे न झालेल्या बिया.

बाटल्यांवर नाव, तारीख आणि कापल्याची वेळ लिहा. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. पेनने लिहाल तर अल्कोहोलमध्ये शाई उतरते, चिठ्ठी कोरी होते आणि मुळ्या निळ्या. गेल्या हिवाळ्यातल्या माझ्या तीन बाटल्या अजून तशाच कपाटात आहेत, कुठली सकाळची आणि कुठली दुपारची कळत नाही.